तुडवलेला कापूस

१

"या सुनेले तं कापसात उतरवू नका हो."

सासूबाई, शालूबाई, हे न्हाणीच्या आडोशाला उभ्या राहून नवऱ्याला सांगत होत्या, आणि न्हाणीत राखी होती. अंगावर घ्यायला उचललेला तांब्या तिनं तसाच हातात धरून ठेवला. सासरी आपल्याबद्दल कोण काय बोलतं हे ऐकायची हक्काची जागा म्हणजे न्हाणी, एवढं तिला लग्नानंतर थोड्याच दिवसांत कळून चुकलं होतं. पुंजाजी नुसते खाकरले. मग दोघांच्या चपलांचे आवाज दोन दिशांना गेले.

तिला आधी रागच आला. ती अमडापूरच्या शेतकऱ्याचीच मुलगी. खोलीत कापूस भरताना एका हलक्या अंगाच्या माणसानं आत उतरायचं, वरून पडणारी ओझी पायांनी तुडवत गोल गोल फिरायचं, कापसाबरोबर वर वर येत जायचं आणि डोकं छताच्या टिनाला टेकलं की बाहेर पडायचं, हे काम तिनं लहानपणापासून केलं होतं. लग्नाआधी ती चिखलीच्या एका कॉम्प्युटर क्लासात शिकवायची, म्हणून हे लोक आपल्याला नाजूक समजत असणार. समजेनात का. कापसाची खाज वाचली.

दुपारी भाकरी थापताना मात्र ते वाक्य पुन्हा आठवलं. या घरात एक सून आधी होती. थोरल्या दिराची बायको, कोकिळा. ती दम लागून गेली, असं सोयरिकीच्या वेळी सांगितलं होतं. थोरला दीर तेव्हापासून सुरतेला होता आणि धाकट्या भावाच्या लग्नालाही आला नव्हता. घरात तिचा एक फोटो नव्हता. राखीनं तव्यावरची भाकरी उलटली. दम लागलेल्या बाईचा आणि कापसाचा काय संबंध, असं तिनं मनाशी म्हटलं आणि संबंध लक्षात येऊ लागला तसं दुसरं काही तरी आठवायला घेतलं.

२

त्या साली वडनेरात, तिच्या सासरच्या गावी, माणसं ओसरीत झोपत आणि कापूस खोलीत. बियाण्याच्या पाकिटावर हिरव्यागार झाडाचं चित्र होतं, बोंडअळीची काळजीच नको म्हणून दुकानदारानं छातीठोक सांगितलं होतं. बोंडं फुटली तर आत गुलाबी अळ्या. व्यापाऱ्यानं मूठभर कापूस चिमटून नाक मुरडलं, तेव्हा पुंजाजींनी गाडी तशीच परत फिरवली आणि भाव येईपर्यंत माल घरात भरून ठेवला. रिकाम्या पाकिटांत शालूबाई आता सुया आणि दोरे ठेवत. पाकीट तेवढं मजबूत निघालं होतं.

कापसाची खोली राखीच्या खोलीला लागून होती. खरं तर ती एकच मोठी खोली. धाकट्याच्या लग्नासाठी मध्ये भिंत घातली, ती टिनाच्या हातभर खालीच थांबली. त्या फटीतून कापूस डोकावायचा. पलंगावर पडलं की वर पांढरी किनार दिसायची आणि अंगाला उगाच खाज सुटायची. खोलीच्या दाराच्या चौकटीत फळ्यांवर फळ्या रचलेल्या. सगळा कापूस उपसल्याशिवाय आत जाता येणार नाही, असं ते काम.

नव्या सुनेला घरातली माणसं चेहऱ्यांआधी पायांवरून कळतात. सकाळी पाया पडा, सणाला पडा, पाहुणा आला की पडा. राखीचं अर्धं लग्न तर वाकूनच पार पडलं होतं. शालूबाईंच्या उजव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढून बसलेली, आणि टाचेला भेग अशी की त्यात पैसा उभा राहील. मामंजींच्या अंगठ्याचं नख काळं. आणि गोकुळचा, तिच्या नवऱ्याचा, तळवा तर तिनं मांडीवर घेऊन पाहिला होता. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात तिनं त्यातून बाभळीचा काटा काढला. तळव्यावर आडवा जुना वण होता, विळ्यावर पाय पडल्याचा. काटा निघाल्यावर तो लाजून हसला होता. नवरा म्हणून तो तिला त्या दिवशी पहिल्यांदा आवडला.

माहेराहून तिनं आणलेली एकच वस्तू खऱ्या अर्थानं तिची होती. क्लासात शिकवून घेतलेला लॅपटॉप. बँकेच्या परीक्षेचा सगळा अभ्यास त्यात होता. झाकणाच्या कोपऱ्याला चरा पडलेला, बॅटरी म्हातारी, चार्जर काढला की तासाभरात मान टाकणारी.

३

नव्या जोडप्यानं जुन्या गादीवर झोपू नये म्हणून शालूबाईंनी शकूरचाचांना बोलावलं. मशिदीच्या कोपऱ्यावर त्यांचं कापूस पिंजायचं यंत्र होतं. सगळ्या वडनेराच्या गाद्या त्यांच्या हाताखालून गेलेल्या. दुपारी ते दारात येऊन खाकरले, नजर खाली ठेवून राखीच्या खोलीत आले, तिनं पलंगावरचा लॅपटॉप उचलून कोनाड्यात ठेवला, आणि ते गादीची वळकटी डोक्यावर घेऊन गेले. जाताना म्हणाले, "सरकी राह्यली आहे हिच्यात, बाई. झोप कशी लागते तुमाले?"

संध्याकाळी कोनाडा रिकामा होता.

गोकुळनं विचारलं, खोलीत कोण आलं होतं. राखी म्हणाली, शकूरचाचा आले होते गादी न्यायला. यात खोटं काही नव्हतं. पण सासरी सुनेचं वाक्य तिच्या तोंडातून निघालं की तिचं राहत नाही. जेवणं होईस्तोवर त्या वाक्याची चोरी झाली होती. गोकुळला शरम वाटत होती, बायकोची माहेरची वस्तू आपल्या घरातून गेली म्हणून. पुंजाजींना गावाची वाटत होती. ते सकाळी मशिदीच्या कोपऱ्यावर जाऊन सांगून आले, बाजाराच्या दिवसापर्यंत वस्तू घरी आली पाहिजे, नाही तर ठाण्यात. चार माणसांदेखत सांगून आले.

राखीला म्हणायचं होतं की मी फक्त कोण आलं ते सांगितलं, कोणी नेला ते नाही. पण ती भांडी घासत राहिली.

४

दुसऱ्या दिवशी गोकुळच्या फोनमधलं नेट संपलं. त्यानं ओसरीतूनच ओरडून तिच्याकडे मागितलं. तिनं आपल्या फोनचा हॉटस्पॉट सुरू केला. क्षणभरानं फोननं सांगितलं की दोन यंत्रं जोडली गेली आहेत.

एक गोकुळचा फोन. दुसऱ्याचं नाव तिनंच ठेवलेलं होतं: राखी-अमडापूर.

ती फोन घेऊन अंगणात गेली, तिथून रस्त्यावर. लिंबापाशी पोचेपर्यंत दुसरं नाव गेलं. परत आली, नाव परत आलं. स्वयंपाकघरात सिग्नल अर्धा, तिच्या खोलीत पुरा, भिंतीला टेकून उभं राहिलं की भरून वाहणारा. हरवलेलं यंत्र शोधायचं पान तिनं फोनवर उघडलं. क्लासात ती हे दर बॅचला शिकवायची: आधी जागा शोधा, मग कुलूप लावा, मग पासवर्ड बदला, घाबरू नका. नकाशावर निळा ठिपका त्यांच्या टिनावर येऊन बसला.

म्हणजे घरातलंच कोणी तरी. तिनं शांतपणे विचार केला, निदान तसा प्रयत्न केला. परीक्षेचं नाव काढलं की सासूबाईंचा चेहरा उतरायचा. गोकुळही परवा म्हणाला होता, "आता कशाले पाह्यजे नोकरी?" भिंतीवरून हात नेऊन सोडून द्यायचं, बस. कापसावर पडलेल्या वस्तूचा आवाज होत नाही.

कडी लावून तिनं लोखंडी पेटी भिंतीला सरकवली आणि वर चढून डोकावली. कापूस पसरलेला होता, सपाट, पायांनी दाबून दाबून बसवलेला, वर टिनाच्या गंजाची बारीक पूड. त्या पुडीवर पाखराचाही पाय उमटलेला नव्हता. वस्तू वरून टाकली असती तर वरच दिसली असती.

आणि आणखी एक गोष्ट, जी ती स्वतः फळ्यावर लिहून शिकवायची. झाकण लावलेला लॅपटॉप झोपतो. तो कुठे जोडला जात नाही. हा जोडला जात होता, म्हणजे झाकण कोणी तरी उघडलं होतं.

गोकुळ बाहेरून म्हणाला, "नेट काऊन तोडलं वो?" ती पेटीवरून उतरली. आत्ताच सांगून टाकायला हवं होतं. पण लॅपटॉप घरात आहे म्हणणं म्हणजे घरात चोर आहे म्हणणं, आणि हे म्हणायला तिला या घरात आणून किती दिवस झाले होते? ती म्हणाली, रेंज गेली.

५

गादी परत आली ती शकूरचाचांची बायको, बानो, हिच्या डोक्यावरून. तिनं ती पलंगावर नीट अंथरली, चारही कोपरे दाबून पाहिले. चाचा का नाही आले, असं राखीनं विचारायला नको होतं, पण विचारलं.

"त्यायले आता कोन घरात घेते?" बानो म्हणाली. "सकाळपासून तीन घरांनी गाद्या परत मागतल्या. आमचं काम माजघरातलं, बाई. माजघर बंद झालं की यंत्र इकून टाकाचं."

राखी गादीच्या शिवणीकडे पाहत राहिली. टाके बारीक आणि सारखे होते.

"उसवून पाहून घ्या," दारातून वळत बानो म्हणाली. "आत काही लपवलं असलं तर."

त्या दुपारी राखी नव्या गादीवर बसू शकली नाही. जमिनीवर, भिंतीला पाठ लावून बसली. बाजाराचा दिवस उद्यावर आला होता. तिनं हॉटस्पॉट सुरू करून पान उघडलं, ठिपका होता तिथेच होता. बॅटरी कालच्याइतकीच भरलेली दाखवत होती, तासाभरात मान टाकणारी ती बॅटरी. तिनं कुलपाचं बटण दाबलं. कुलूप लागलं. आता पासवर्डाशिवाय तो लॅपटॉप कोणालाही वापरता येणार नव्हता. पडद्यावर दिसेल असा निरोपही लिहायला सांगितलं होतं. तिनं लिहिलं, हा माझा आहे, परत द्या.

तेव्हा पाठीला ते जाणवलं. आधी जाणवलं, मग ऐकू आलं. भिंतीच्या आत खोल, उशीवर मूठ मारावी तसं. थांबून पुन्हा. एका जागी नाही, सरकत, गोल फिरत. उंदीर, तिनं स्वतःला सांगितलं. सरकीला उंदीर येतातच. पण हा आवाज तिच्या ओळखीचा होता. अमडापूरला लहानपणी तिनं तो कितीदा केला होता. फक्त तेव्हा तो पायांखालून यायचा. आता वरून येत होता.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी पुंजाजी आणि गोकुळ नांदुऱ्याला गेले, येताना पोलीस पाटील हिंमतरावांना सोबत घेऊन येणार होते. शालूबाई ओसरीत उन्हात पाय पसरून तूर निवडत बसल्या. राखीच्या खोलीच्या दारातून त्यांचे पाय तेवढे दिसत होते.

तिनं ठरवलं होतं, लॅपटॉप वाजवून पाहायचा. लॅपटॉपवर व्हिडिओ कॉलचं तिचं खातं कायम उघडं असे. फोनवरच्या दुसऱ्या खात्यावरून त्याला कॉल लावला की लॅपटॉप वाजेल, आणि वाजला की तो सगळ्यांना ऐकवता येईल. तिला कोणाचं नाव घ्यावं लागणार नाही. तो आपोआप वाजेल आणि ती नुसती उभी राहील. हा मार्ग तिला भेकडपणाचा वाटला, म्हणून सोयीचाही.

तिनं हॉटस्पॉट सुरू करून कॉल लावला. भिंतीच्या आतून, फार खालून, तिच्या लॅपटॉपची ओळखीची घंटी आली. तोंडात बोळा कोंबलेल्या माणसासारखी. ओसरीतलं सूप थांबलं. राखीनं कान लावला. घंटी तीनदा वाजली आणि चौथ्यांदा अर्ध्यात तुटली.

कॉल उचलला गेला होता.

कुलूप लावलेल्या लॅपटॉपवर कॉल उचलता येतो का, याचा ती विचार करत राहिली, कारण तेवढा विचार करता येण्यासारखा होता. फोनच्या पडद्यावर पांढरं होतं. मग ते पांढरं हललं. कापूस होता, अगदी काचेला लागलेला, त्यातून कोणी तरी श्वास ओढत होतं आणि धागे आत ओढले जात होते, बाहेर येत होते. आत. बाहेर. वर कुठे तरी उजेड होता, टिनाखाली असतो तसा पिवळट. त्या उजेडातून कापसाचं एक ओझं खाली आलं. पडदा अंधारला. मग ओझ्यावर पाय पडला.

खालून दिसत होता तो. आधी दाब आला, कापूस चेपत चेपत पातळ झाला, आणि त्यातून तळवा उमटला. करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली. टाचेला भेग, काळी, सरळ.

राखीनं मान वर केली. दारातून शालूबाईंचे पाय दिसत होते, उन्हात, कोरडे, हललेले नव्हते.

पडद्यावरचा पाय उचलला गेला आणि सरकून पुन्हा पडला. कोणी तरी वरून बोलत होतं, शब्द कळत नव्हते, फक्त घाई कळत होती, गाडी रिकामी करायची असते तेव्हाची. श्वासाचे धागे भराभर हलायला लागले. मग पहिल्या पायाशेजारी दुसरा उतरला. हा तरुण माणसाचा, जड. तो बराच वेळ एका जागी उभा राहिला. इतका वेळ की तळव्यावरचा आडवा वण तिला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाचता आला.

धागे हलायचे थांबले.

पडदा काळा झाला, आणि काळ्यावर तिचाच निरोप आला. हा माझा आहे, परत द्या.

ओसरीत शालूबाई म्हणाल्या, "काय वाजलं वो?" आवाज साधा होता. पण सूप पुन्हा वाजायला लागलं नाही. राखी फोन पालथा घालून बसून राहिली. तिला भीती वाटायला हवी होती, ती नंतर वाटली. त्या वेळी वाटली ती लाज. कोणाच्या तरी उघड्या अंगावर नजर पडावी तशी. सगळ्या घराच्या पाया पडून झाल्यावर, ते पाय खालून कसे दिसतात हे तिनं पाहिलं होतं.

७

संध्याकाळी ओसरीत हिंमतराव खुर्चीवर बसले, पुंजाजी पलंगावर, गोकुळ जोत्यावर. शकूरचाचा अंगणात उभे होते. त्यांना कोणी बस म्हटलं नाही. टोपी हातात घेऊन ती ते बोटांत फिरवत होते. बानो फाटकाशी. राखी दाराआड, पदर डोक्यावर, कापसाच्या खोलीच्या फळ्यांना पाठ लावून. फळ्या थंड होत्या.

हिंमतराव समजुतीनं बोलत होते. वस्तू परत करा, बात खतम, ठाण्यात गेलं की मग आमच्या हातात राहत नाही. शकूरचाचांनी कुराणाची शपथ घेतली नाही, मुलांची घेतली नाही. एवढंच म्हणाले, "पाटील, या घरातल्या दोनी सुनांच्या गाद्या मी भरल्या. थोरल्या सुनेची तं तिच्या अंगाखालून काढून नेली, ते गेली त्या दिवशी. तवा कोनी नाई इचारलं मले काही."

पुंजाजी एकदम म्हणाले, "जुनं काढू नको." शालूबाईंनी पाय लुगड्याखाली ओढून घेतले. राखीच्या पाठीमागे, फळ्यांच्या पलीकडे, आवाज सुरू झाला. हलका, गोल फिरत. तिनं सगळ्यांकडे पाहिलं. हिंमतराव मिशीवरून हात फिरवत होते, त्यांना काही ऐकू येत नव्हतं. शकूरचाचांनाही नाही. बाकी तिघं आपापल्या पायांकडे पाहत होते.

म्हणजे त्यांना रोज ऐकू येत होतं. ती या घरात यायच्या आधीपासून.

"चाला मग ठाण्यात," हिंमतराव उठले. फाटकाशी बानोनं तोंडात पदर धरला. शकूरचाचांनी टोपी डोक्यावर चढवली, सरळ केली, माणूस लग्नाला निघताना करतो तशी.

राखी दाराबाहेर आली. पुरुषांच्या बैठकीत ती पहिल्यांदा आली होती. गोकुळ म्हणाला, "तू आत जाय." चढा नव्हता आवाज, गयावया होती त्यात. तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तिला काटा आठवला असता.

ती म्हणाली की शकूरचाचांना सोडा, लॅपटॉप त्यांनी नेला नाही, तो या खोलीत आहे, आणि हे मला आधीपासून माहीत होतं. शेवटचे शब्द उच्चारताना तिचे कान तापले. बानोकडे मान वळवायची तिची हिंमत झाली नाही.

पुंजाजी म्हणाले, भाव आल्याशिवाय फळी निघणार नाही. हिंमतराव परत खुर्चीत बसले होते. त्यांनी आधी पुंजाजींकडे पाहिलं, मग फळ्यांकडे, आणि म्हणाले, एक फळी काढायला काय जातं? कोणी उठलं नाही, तेव्हा राखीनंच वळून वरच्या फळीखाली बोटं घातली. फळी सुटली. आतून थोडा कापूस तिच्या पावलांवर पडला. तो गरम होता.

शालूबाई पुटपुटल्या, न्हाणीच्या आडोशाला म्हणाल्या होत्या तेच, पण या वेळी कोणालाच उद्देशून नाही. गोकुळनं जोत्यावरून लोंबणारा पाय उचलून मांडीखाली घेतला आणि तळव्यावर हात ठेवला.

राखीनं पदर कमरेला खोचला.

"मी उतरते," ती म्हणाली. "मी आत असेन तेव्हा वरून कोणी पाय देऊ नका."